दिवा बंद करण्यापलीकडचं काय?

'खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची सवय लावली, की हवामान बदलाचा अर्धा धडा झाला' हे शाळेत हवामान बदल शिकवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सवय चांगलीच, पण मुलांपुढे आकडे ठेवा. ९ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ११० तास जळतो तेव्हा कुठे एक युनिट पडतं. २००० वॉटचा गीझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात खातो. माझ्या सातवीच्या मुलांनी घरच्या मीटरवर हे ताडून पाहिलं, आणि मग वर्गात चर्चा बल्बची नाही, गीझरची आणि जुन्या ७५ वॉटच्या पंख्यांची सुरू झाली. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा साधारण ३० वॉटमध्ये भागवतो, हे आता पालकांना पोरंच सांगतात.

आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काय? त्यावर लेखात एक ओळही नाही. आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत न्यायचं, अंग ओलं करून वारा घालायचा, १०८ ला फोन लावायचा, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, हे इथल्या प्रत्येक पोराला यायला हवं. टिनाच्या छपराला चुना मारल्यावर खोलीतला उकाडा किती उतरतो, तेही साध्या थर्मामीटरने वर्गातच मोजता येतं. फक्त हे सगळं परीक्षा संपल्यावरच्या रिकाम्या तासांना ढकलू नका, फेब्रुवारीतच शिकवा.