कपाट रिकामं करा, पुण्य मिळवा

युक्रेनला मदत करायचीय? मग आधी स्वतःचं कपाट उघडा. आपल्याला जे नकोय ते तिथल्या लोकांना हवंच असणार, हा पहिला नियम. परवा मदतीच्या पिशव्या निवडायला बसले होते, तर एका दानशूर कुटुंबाने हाय हिल्स, स्विमिंग कॉस्च्युम आणि चेन तुटलेली पर्स पाठवलेली. बरोबरच आहे म्हणा, खारकीव्हमध्ये सायरन वाजल्यावर तळघरात पळताना माणसाने जरा बरं दिसायला नको?

कपडे धुवून देऊ नका. तेवढंच पाणी वाचतं.

फोटो मस्ट! पिशवी पुढे, चेहरा त्याच्याही पुढे.

औषधं तर द्याच. मुदत संपलेली, अर्धी प्यायलेली, नाव पुसलं गेलेली, काहीही चालेल. ८ जुलै २०२४ ला कीवच्या ओखमतदित या मुलांच्या हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं, कॅन्सरची पोरं सलाईनसकट रस्त्यावर आणून बसवावी लागली, आणि तुम्ही काय पाठवताय तर तळाशी साखर जमलेलं कफ सिरप. बोस्नियात १९९२ ते ९६ मध्ये हाच उद्योग झालाय, अंदाजे १७ हजार टन निकामी औषधं तिथे साठली आणि ती नष्ट करायचा खर्च आणि ताप पुन्हा युद्धाने पिचलेल्यांच्याच माथी. म्हणजे बॉम्ब त्यांचे, कचरा आपला, वा!

निर्वासित बाई धड कोट घालून आणि हातात चांगला फोन घेऊन आली की लगेच संशय घ्या. खऱ्या निर्वासिताने फाटकंच दिसायला हवं, युद्ध होणार म्हटल्यावर आधीपासून गरीब राहायला काय झालं होतं तिला? नवरा का नाही आला असंही खोचकपणे विचारा. युद्ध सुरू होताच १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी केली होती, पण ते वाचत कोण बसतंय.

पैसे मागितले तर "कुठे जातात कोण जाणे" म्हणायचं. हे पाठ करून ठेवा.

आणि मधेच "अजून चालूच आहे का ते?" असंही विचारायचं. हो, चालूच आहे!! तुम्हाला कंटाळा आला म्हणून थांबलं नाही ते. मारिउपोलच्या थिएटरबाहेर जमिनीवर दोन्ही बाजूंना भल्यामोठ्या अक्षरात 'मुलं' असं लिहिलं होतं, वरून विमानाला दिसावं म्हणून, तरी १६ मार्च २०२२ ला बॉम्ब टाकलाच. असल्या ठिकाणाहून जीव वाचवून आलेल्या माणसाच्या हातात तुम्ही तुमची मळकी बनियन ठेवता? लाज नाही वाटत? यादी दिली होती ना, जनरेटर, पॉवर बँक, रक्तस्राव थांबवायचे पट्टे, म्हाताऱ्यांसाठी डायपर, नाहीतर सरळ पैसे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रं फोडतायत, ऐन थंडीत लोक अंधारात बसतायत, म्हणून ती यादी होती, कोणाची हौस नव्हती. दहा ओळी वाचवत नाहीत तुम्हाला, आणि तुमचा पसारा निवडण्यात आमची अख्खी दुपार जाते. नसेल द्यायचं तर देऊ नका, कोणी जबरदस्ती केलेली नाही, पण कचऱ्याचा डबा तुमच्या दाराशी आहे, तिथे टाका तो कचरा.