व्याख्यान संपल्यानंतरचा मधुमेह

दिवसातून किती वेळा खावे या प्रश्नावर महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास पेटलेला वाद अजून पुरता विझलेला नाही, आणि इंग्लंडमधल्या मराठी घरांतही तो तितक्याच हिरिरीने घातला जातो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगावच्या व्याख्यानांतून सांगत आले आहेत की वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवायचा तर खरी भूक ओळखावी, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवावे, आणि रोज 45 मिनिटे चालावे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला याच्या उलट, थोडे थोडे पण ठरावीक अंतराने खात राहण्याचा. मायदेशातले नातेवाईक दोन्ही बाजूंची भाषणे पाठवतात आणि तुम्ही कोणत्या पक्षाचे, असे विचारतात. माझ्या मते या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते पैशाबद्दल, आणि दीक्षितांच्या सभागृहांतली गर्दी समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

आधी शरीरशास्त्राचे थोडक्यात. खाल्ले की इन्सुलिन स्रवते, आणि रक्तात इन्सुलिन चढे असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला फारसा हात लावत नाही, हा या व्याख्यानांचा गाभा ढोबळ असला तरी निराधार नाही. प्रागमध्ये 54 मधुमेहींवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तेवढ्याच उष्मांकांचे अन्न सहा वेळा विभागून खाण्यापेक्षा दोनदा खाल्ल्याने वजन अधिक उतरले. मात्र ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते. रात्री साडेनऊला पानावर बसणाऱ्यांनी तो प्रयोग आपल्या बाजूने उभा करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

वजनाच्या काट्यावर विसंबून राहण्यातला धोकाही आपल्याच माणसाने दाखवून दिलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. इंग्लंडमध्ये दक्षिण आशियाई माणसाला 25 ऐवजी 23 बीएमआयलाच सावध करतात ते याच कारणाने. सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो, हे मराठी श्रोत्याला अजून पुरेसे पटलेले नाही.

आता खर्चाकडे वळतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीने भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटी 60 लाख. त्यांच्यापैकी असंख्य लोक डॉक्टरांची फी, प्रयोगशाळेचे बिल आणि महिन्याच्या गोळ्या स्वतःच्या खिशातून भागवतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला कुटुंबांनी थेट केलेला वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले, हेही. पण आयुष्मान भारत असो वा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, त्यांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिसला सरकारी आधार मिळतो. ते निकामी होऊ नये म्हणून खासगी दवाखान्यात वर्षानुवर्षे ज्या तपासण्या कराव्या लागतात, त्यांना तो मिळत नाही. अशा व्यवस्थेत एखादा वैद्यकाचा प्राध्यापक मराठीत, पैसे न घेता सांगतो की जेवणाच्या वेळा कमी करा आणि चाला, तेव्हा लोक गर्दी करणारच. त्यात भाबडेपणा नाही. तो घरखर्चाचा हिशेब आहे.

माझा आक्षेप वक्त्यावर कमी आणि सरकारवर अधिक आहे. राज्य सरकारने 2018 मध्ये डॉ. दीक्षितांना स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत नेमले. नेमणुकीत वाईट काही नाही, पण सदिच्छादूत नेमणे हे तालुक्याच्या ठिकाणी मधुमेहाने बिघडणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र काढणारे यंत्र आणि ते चालवणारा माणूस नेमण्यापेक्षा फारच स्वस्त पडते.

इंग्लंडमधला मधुमेह याच्या तुलनेत अगदी नीरस आहे. इथे निदान झाले की माणसाचे नाव एका यादीत जाते, आणि मग ती यादी त्याचा पिच्छा सोडत नाही. रक्त, लघवी, रक्तदाब आणि पायांची संवेदना तपासायला दरवर्षी बोलावणे येते. 12 वर्षांवरील प्रत्येक मधुमेहीला डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचे वेगळे पत्र येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला कोणत्याच औषधाचे शुल्क भरावे लागत नाही. या कंटाळवाण्या पत्रव्यवहाराचे फळ असे की इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण म्हणून मधुमेहाचे जे स्थान अनेक दशके होते, ते 2009-10 च्या नोंदींत प्रथमच राहिले नाही. हे फुकट मात्र नाही. कर आहेतच, आणि आमच्यासारख्या व्हिसावर येणाऱ्या प्रौढाला 2024 पासून बहुतेक प्रकारांत दरवर्षी 1,035 पौंडांचा आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. शिवाय विशेषज्ञाच्या भेटीसाठी महिनोन्महिने थांबावे लागते, तेव्हा पुण्यात सकाळी रक्त देऊन संध्याकाळी अहवाल हाती पडतो याची आठवण इथल्या प्रत्येकाला येते.

आहाराने मधुमेह मागे हटवता येतो, हे ब्रिटननेही सिद्ध करून दाखवले. न्यूकॅसल आणि ग्लासगोच्या संशोधकांच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत तीन ते पाच महिने रोज सुमारे 850 उष्मांकांचाच आहार दिला गेला. वर्षाअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, दोन वर्षांनी 36 टक्क्यांचा. त्या दहा टक्क्यांच्या घसरणीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती दिसली ती लोकांना पुन्हा पुन्हा बोलावून मोजले म्हणूनच. तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. आपल्याकडे ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणारा माणूस भाषण ऐकून दुसऱ्या दिवशी न्याहारी सोडतो, गोळी मात्र नेहमीच्या वेळी घेतो, आणि दुपारी साखर उतरून घामाघूम होतो. वक्ते गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारा असे सांगतातही. पण विचारायला गेले की पुन्हा फी द्यावी लागते.

इथल्या व्यवस्थेला जे जमलेले नाही तेही सांगितले पाहिजे. दहा मिनिटांच्या भेटीत नर्स हातात पत्रक देते, त्यात भाकरी, पोहे आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी यांचा पत्ता नसतो. इन्सुलिन नावाच्या संप्रेरकाची गोष्ट आपल्या भाषेत, दीड तास, विनोद करत सांगणारा माणूस इथे भेटत नाही, म्हणून इथले मराठी मधुमेही रात्री दीक्षितांची भाषणे ऐकतात आणि सकाळी नर्सला त्यातले काहीही सांगत नाहीत. काही जण उपाशीपोटीच्या इन्सुलिनची तपासणी मागतात. ती इथे सरसकट केली जात नाही, तेव्हा नकार मिळतो आणि विश्वास उडतो. मला त्या नकारात फारसे वावगे वाटत नाही, कारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी उपचार ठरवायला बहुधा पुरते. पण नकारामागचे कारण त्या माणसाला समजावून सांगायला कोणालाच वेळ नसतो, हे मला खटकते.

दोनदा की सहादा, याचा निकाल ज्याचा त्याने आपल्या भुकेवर आणि कामाच्या वेळांवर लावावा. महाराष्ट्राकडे मागायचे असेल तर मी एवढेच मागेन की सभागृहात येणाऱ्या प्रत्येकाची एचबीए1सी तपासणी दारातच सरकारी खर्चाने व्हावी, त्याचे नाव जवळच्या आरोग्य केंद्राच्या वहीत जावे, आणि तीन महिन्यांनी तो आला नाही तर आशाताईने त्याच्या घरी जावे, तेही त्या फेरीचा मोबदला तिला वेळेवर देऊन.