बिनखिळ्याची जहाजे, कानजी मालम आणि बाकीच्या ऐकीव गोष्टी

दोरीने शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. तेव्हापासून एक लांबलचक मजकूर बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपले पूर्वज समुद्रावर जाणारी जहाजे एकही लोखंडी खिळा न वापरता बांधत, कारण लोखंड असले तर समुद्रातले चुंबकी खडक जहाज ओढून घेतात असे भोजराजाने सांगून ठेवले होते. वास्को द गामाला कच्छच्या कानजी मालमने, म्हणजे कानजी नावाच्या वाटाड्याने, वास्कोच्या तिप्पट मोठ्या जहाजातून येऊन भारतात आणले. आपल्या 'मिंडेन' जहाजावर अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिले गेले. १८१४ मध्ये इंग्रजांनी कायदा केला आणि ही विद्या एका फटक्यात मेली. शेवटी एक टोला : बडोद्याला समुद्रच नव्हता, म्हणून आपल्याला हे कोणी शिकवले नाही.

शेवटचे आधी घेऊ, कारण ते घरचे आहे. नवसारी प्रांतातले अंबिकेवरचे बिलिमोरा, काठियावाडातले कोडीनार आणि थेट द्वारका ज्यात येते ते ओखामंडळ, हे सगळे गायकवाडी मुलूख. बिलिमोऱ्याला संस्थानाचे आरमारी ठाणे होते. ओखा बंदर १९२६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झाले. डांगचा साग बिलिमोऱ्याला उतरायचा आणि बिलिमोरा-वघई ही छोटी रेल्वे गायकवाड सरकारने टाकली ती मुख्यतः याच लाकडासाठी. समुद्र नव्हता म्हणणाऱ्यांनी संस्थानाचा जुना नकाशा एकदा उघडावा.

आता खिळ्याचा मुद्दा. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'त तो इशारा आहे, हे खरे. पण जहाज ओढून घेणारा चुंबकी खडक कुठल्याच समुद्रात नाही आणि तो ग्रंथ सुताराच्या हाताखालचाही नाही. शिवलेली जहाजे मात्र खरोखर होती. अरबी समुद्रात ती शतकानुशतके चालली. फळ्यांच्या कडेने जोडीजोडीने भोके पाडायची, सांध्यावर काथ्याची वळकटी ठेवायची, काथ्याच्या दोरीने ती आवळून शिवायची, मग भोके बुजवून वरून राळ आणि माशाचे तेल चोपडायचे. असे जहाज लवचीक असते. लाटेत किंवा वाळूवर आपटले तर तडकत नाही, थोडे वाकते. पण दोरी कुजते, ढिली पडते, ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवावी लागते आणि पाणी उपसणे तर रोजचेच. शिवाय तोफ उडाली की तिचा धक्का टाके सोसत नाहीत. म्हणूनच १६व्या शतकात पोर्तुगीजांची तोफांची जहाजे आल्यावर पश्चिम किनाऱ्यावर खिळ्याचे काम झपाट्याने वाढले. आपल्या गुराब या लढाऊ जहाजांवरही तोफा होत्या, त्या शिवलेल्या फळ्यांवर उभ्या राहिल्या नसत्या.

सुरतेचे कारागीर या कामात किती पुढे गेले होते ते १७७०च्या दशकात तिथे येऊन गेलेल्या स्टाव्होरिनस या डच नौदल अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. युरोपात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींना लावून मधली फट बुजवत. सुरतेला एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला तिच्यात बसेल असा ओठ काढत. मग एका कडेला शेंदूर फासून दुसरी तिच्यावर दाबायची. शेंदूर जिथे उमटला तो उंचवटा. तेवढाच तासायचा, पुन्हा फासायचे, पुन्हा दाबायचे, सगळी कड सारखी टेकेपर्यंत. त्यानंतर दोन्ही कडांना चिकट लेप, मध्ये कापसासारख्या तंतूंचा पातळ थर, आणि फळ्या लाकडी खुंट्यांनी अशा घट्ट जोडायच्या की सांधा डोळ्याला सापडू नये. लेप जुना होईल तसा लोखंडासारखा कडक होतो, असेही तो सांगतो.

आणि फळ्या आतल्या वाकांना, म्हणजे जहाजाच्या बरगड्यांना, कशाने जोडत? लांब लोखंडी खिळ्यांनी. आधी भोक पाडून खिळा आरपार घालायचा आणि आत निघालेले टोक वळवून ठोकायचे. म्हणजे सुरतेच्या या जहाजांच्या पोटात लोखंड होते.

लोखंड कुठे टिकते आणि कुठे गंजते, हेच खरे ज्ञान. सागात तेल असते, त्यामुळे खिळा लवकर गंजत नाही. ओकमधल्या आम्लाने तो गंजतो, म्हणून मलबारी आणि वलसाडी सागाची युरोपियनांना एवढी ओढ. गुजरातेत वाक बाभळीचे करतात, कारण तिच्या फांद्या मुळातच वाकड्या असतात आणि तंतू न कापता हवा तो बाक मिळतो. पण बाभळीत टॅनिन भरपूर. खारे पाणी आत शिरले की खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडते, गंज फुगतो, भोक सैल होते आणि गळती तिथूनच सुरू होते. उपाय साधा : भोक खिळ्यापेक्षा किंचित बारीक पाडायचे, माथ्याखाली तेलात भिजवलेला कापूस गुंडाळायचा आणि माथा फळीत बुडवून वरून बुजवायचा. आता जस्त चढवलेले खिळे मिळतात, तरी कापूस सुटलेला नाही.

कानजी मालमकडे वळू. वास्कोच्या एका सहप्रवाशाच्या रोजनिशीत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजाने एक 'ख्रिस्ती' वाटाड्या दिला, एवढेच आहे. नाव नाही. गुजरातचा मुसलमान आणि 'मालेमो काना' हे नाव येते ते बारोस या पोर्तुगीज इतिहासकाराच्या १५५२च्या इतिहासात, अर्धशतक उलटल्यावर. त्याचा कच्छी कानजी आणि वास्कोच्या तिप्पट मोठे जहाज, ही भर कोणी घातली ते देव जाणे. इब्न माजिद या अरब नाविकाचे नावही असेच मागाहून चिकटलेले आहे.

वाटाड्याचे मोल मात्र तारखाच सांगतात. २४ एप्रिल १४९८ ला मालिंदी सोडली आणि २० मेला कालिकत गाठले. परतताना वाटाड्या नाही आणि वाराही उलटा : ५ ऑक्टोबरला कारवारजवळचे अंजदीव बेट सोडले, आफ्रिकेचा किनारा दिसला २ जानेवारीला, वाटेत हिरड्या सुजून तीसएक माणसे मेली. मालमांचे साधन असायचे कमाल : लाकडाची छोटी पाटी आणि तिला गाठी मारलेली दोरी. गाठ दातात धरून दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला, वरची ध्रुवाला. ज्या गाठीला दोन्ही कडा जुळतात, त्या बंदराच्या अक्षांशावर तुम्ही आहात. मालिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथून ध्रुव दिसतच नाही. निघाल्यावर काही दिवसांनी तो पुन्हा दिसला, याची नोंद रोजनिशीत आहे.

मिंडेनचे लवकर उरकू. ते १८१० मध्ये मुंबईच्या गोदीत, मूळच्या सुरतेच्या वाडिया घराण्याच्या हातून झाले, हे बरोबर. राष्ट्रगीताचा कवी फ्रान्सिस स्कॉट की मात्र एका कैद्याच्या सुटकेच्या बोलणीसाठी गेलेल्या अमेरिकन जहाजावर होता.

१८१४-१५ चे कायदे खरे आणि अन्यायकारकही. लंडनला जाणाऱ्या इथल्या जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश हवेत, आणि 'लास्कर' म्हणजे इथले खलाशी त्यात धरायचे नाहीत. खासगी मालकाचा नफा त्यात गेला. पण मुंबईची गोदी बंद पडली नाही. आरमारासाठी १८१७ ला त्रिंकोमाली, १८२१ ला गँजेस, १८२४ ला एशिया, १८४८ ला मियानी ही जहाजे तिथेच झाली. त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. पुढचा घाव वाफेने आणि लोखंडी सांगाड्याने घातला. १८६९ ला सुवेझ उघडले, आणि तांबड्या समुद्रातल्या उलट्या वाऱ्यात शिडाचे जहाज आगबोटीपुढे टिकेना.

विद्या मेली म्हणणाऱ्यांनी कच्छच्या मांडवीला रुक्मावतीच्या काठी जावे. फळीला मलेशियाचे साल लाकूड, वाकांना बाभूळ, नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात, आणि एक वहाण, म्हणजे लाकडी जहाज, उभे राहायला दीड-दोन वर्षे. आता डिझेल इंजिन बसते, माल आखातात आणि सोमालियाला जातो. वहाण पाण्यात ओढतात ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, कारण नदीत एरवी एवढे पाणी नसते. ती भरती हुकली तर पंधरा दिवस थांबावे लागते.