दुप्पट, सर, गॅरंटीड!

बँकेत गेलो होतो पत्ता बदलायला. पाच मिनिटांत समोर माझ्या मुलीच्या उच्च शिक्षणाचा रंगीत तक्ता. मुलगी अडीच वर्षांची. फॉर्ममध्ये 'ध्येय' हा रकाना सक्तीचा, म्हणून टेबलापलीकडच्या टायवाल्या मुलाने तिला परस्पर डॉक्टर करून टाकलं होतं.

"एकरकमी भरा सर, 15 वर्षांत दुप्पट. गॅरंटीड!"

दुप्पट म्हटलं की माणूस भागाकार विसरतो. 72 ला वर्षांनी भागा, व्याजाचा अंदाज येतो. लुका पाचोली या इटालियन गणितीने हे 1494 मध्येच छापून ठेवलंय. 72 भागिले 15, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. फी वर्षाला 10 टक्क्यांनी वाढत असेल तर तेवढ्याच काळात ती चौपटीच्या पुढे जाते. म्हणजे दुप्पट पैसे घेऊन चौपट फीसमोर उभं राहायचं, तेही गॅरंटीने.

एवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचे काका मध्ये पडले. त्यांना फक्त चेकबुक हवं होतं.

"कशाला हे उद्योग? पोर हुशार निघाली तर स्कॉलरशिप मिळेल. ढ निघाली तर कॉलेजात जाणारच नाही. दोन्हीकडून पैसे वाचले!"

"आणि मधली निघाली तर?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवून मुलीला न्याहाळलं. ती काउंटरच्या पेनाची दोरी चोखत होती.

"नाही," ते गंभीरपणे म्हणाले, "मधली वाटत नाही."

दोन्हींपैकी कुठल्या बाजूची वाटते, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला अजून राग आहे.

"शिवाय यात मुलीचा विमा आहे," टाय म्हणाला.

"कमावतो मी. मी गेलो तर फी अडणार. विमा माझा हवा, साधा टर्म, म्हणजे मुदतीत मी गेलो तरच पैसे देणारा."

"भरल्या दुपारी असलं बोलू नये," काका म्हणाले, आणि मुलीच्या हातातून दोरी सोडवून घेतली.

दुप्पट 15 वर्षांत म्हणे, पण त्या तक्त्यात पैसे हातात यायची मुदत 20 वर्षांची होती. अडीच अधिक वीस. प्रवेश साधारण अठराव्या वर्षी घ्यायचा आणि पैसे साडेबाविसाव्या वर्षी मिळणार! ही बेरीज कोणी करतच नाही का? फी काही एकदाच भरून सुटत नाही, दरवर्षी भरावी लागते. वर वसतिगृह, लॅपटॉप, परीक्षांचे अर्ज.

आणि 'बघू पुढे' म्हणणाऱ्यांसाठी: 10 टक्के परतावा धरला, तर 18 वर्षांऐवजी शेवटची 9 वर्षंच हाताशी ठेवणाऱ्याला त्याच रकमेसाठी दरवर्षी तिपटीहून जास्त भरावं लागतं. लवकर सुरुवात करा, पगार वाढला की हप्ता वाढवा. शेअर बाजारातले पैसे मात्र प्रवेशाच्या तीनेक वर्षं आधीपासून थोडेथोडे काढून ठेवीत टाका. ऐन वेळी बाजार 40 टक्के पडला, तर पूर्वपदावर यायला तो जवळजवळ 67 टक्के चढावा लागतो. कॉलेज तोवर थांबत नाही, उशिराबद्दल दंड लावतं.

पत्ता अजून जुनाच आहे.