'२१ दिवसांत २१ किलोमीटर': आधी बेरीज तरी करा

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा कराडहून फोन आला. साताऱ्याच्या २१ किलोमीटरच्या हिल हाफ मॅरेथॉनला तिनं पहिल्यांदाच नाव घातलंय. "ताई, उजवी नडगी दुखतेय. जिना उतरताना कळ येते." खोदून विचारल्यावर कळलं की व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज ती इमानेइतबारे पाळत होती. तोच मेसेज दोन दिवसांत मलाही तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय: आज १ किलोमीटर धावा, उद्या २, रोज एकेक वाढवत एकविसाव्या दिवशी २१. सुट्टी नाही. धाप लागली नाही तर ते धावणंच नाही. मध्ये चाललात तर हरलात. धावताना पाणी पिऊ नका.

बेरीज करा. पहिल्या आठवड्यात २८ किलोमीटर, दुसऱ्यात ७७, तिसऱ्यात १२६! एका आठवड्यात १२६ किलोमीटर हे वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या धावपटूंचं काम. आणि सांगताय कुणाला, तर शाळा सुटल्यापासून कधीच न धावलेल्या बाईला.

यात खरा घात आहे तो हाडांचा. दमसास लवकर वाढतो, हाडाची ताकद मागून येते. काही आठवड्यांत धाप कमी होते आणि वाटतं, जमलं आपल्याला. पण धावण्याचा भार पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. हे भरून यायला महिने लागतात. तोवर ती जागा कच्ची असते. तिच्यावर रोज भार चढवत गेलात तर बारीक चीर पडू शकते. मी बहिणीला फोनवरच नडगीवरून अंगठा फिरवायला सांगितला. नडगीभर ठणका असता तर मला एवढी धास्ती वाटली नसती. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागी अंगठा दाबला आणि ती कळवळली. "धावणं बंद. उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे जा," म्हटलं.

आता ते धापेचं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचा शिष्य पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकला. शर्यत दोन मिनिटांच्या आतली, पण तयारी कशी? ऑकलंडजवळच्या डोंगररस्त्यांवर एका दमात ३५ किलोमीटर, आठवड्याला १६० च्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक श्वास ताब्यात ठेवून. स्नेलसारख्यांचा आरामाचा वेग आपल्याला झेपणार नाही, पण त्यांच्यासाठी तो आरामाचाच होता. पुढे १९६२ मध्ये ऑकलंडच्या बैठं काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसांना लिडियार्ड यांनी हळूहळू धावायला लावलं, तेही याच तत्त्वावर. हळू धावताना हृदय आणि स्नायू प्राणवायू वापरायला शिकतात, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा उचलतो. रोज जीव तोडून धावणाऱ्याचा तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाही. आरामाच्या वेगाची खूण सोपी आहे: शेजारच्याला काल घरी काय झालं ते पूर्ण वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

एक मान्य करते. नुसतं हळू धावून वेग येत नाही. लिडियार्डसुद्धा नंतर चढ आणि वेगाचा सराव घ्यायचेच. साताऱ्याच्या शर्यतीतल्या यवतेश्वरच्या घाटात धाप लागणारच. पण तो सराव पाया भरल्यावरचा.

चालण्याला हार म्हणणाऱ्यांनी जेफ गॅलोवे यांचं नाव ऐकावं. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटर धावलेल्या या माणसानं हजारोंना धावणं-चालणं आलटून पालटून करायला शिकवलं. पाण्याबद्दल एवढंच: घटाघटा पिऊ नका, तहान लागली की प्या. उन्हात तहान मारून धावण्यात शौर्य कसलं?

बहिणीच्या एक्स-रेत काही दिसलं नाही. पण अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद ठेवलंय. नंतर आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. रविवारचं अंतर आठवड्याला फार तर एक किलोमीटरनं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात पुन्हा कमी करायचं. रविवारी धावताना मला फोन लावायचा, असं ठरलंय. बोलताना तिचं वाक्य तुटलं तर मी तिला चालायला सांगणार. यंदाची शर्यत हुकली तर पुढच्या वर्षी, हे तिनं स्वतःहून म्हटलं.