‘लोक अदालतीपर्यंत घरपट्टी भरू नका’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो लोकमान्यनगरातून आला, सुदामानगरातून आला, शेवटी सख्ख्या मावसबहिणीनेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा (निगम म्हणजे इंदूरची महानगरपालिका, संपत्तिकर म्हणजे घरपट्टी): ‘निगमचं बजेट आठ हजार कोटींचं आहे आणि हा सगळा पैसा आपल्या संपत्तिकरातून उकळला जातो. घराचा भाव वाढला की निगमवाले खुर्चीत बसून मनाला येईल तो कर लावतात. आत्ता भरू नका, लोक अदालतीत सगळं माफ होतं. पावत्या मात्र जपा, मालकीचा तोच पुरावा.’

मी उत्तर लिहायला बसले त्याचं कारण शेजारच्या मावशी. वय अठ्ठ्याहत्तर, घरी एकट्या. हा मेसेज वाचून त्यांनी यंदाचा कर थांबवला.

आधी आठ हजार कोटी. आकडा खरा आहे, अलीकडचं बजेट त्याच्याही वर गेलंय. पण तो ‘आपल्या संपत्तिकरातून’ येतो हे साध्या भागाकारानेच खोटं ठरतं. शहराची वस्ती तीस लाख धरा. माणशी सव्वीस हजारांच्या वर रक्कम येते, म्हणजे चौघांच्या घराला वर्षाला लाखाच्या वर. एवढं बिल आपल्यापैकी कोणाला आलंय?

मग पैसा येतो कुठून? मध्य प्रदेशात जकात 1976 साली बंद झाली. तिच्या बदल्यात राज्य सरकार निगमला पैसे देतं, त्याला आजही ‘चुंगी क्षतिपूर्ती’च म्हणतात. शिवाय वित्त आयोगाचं अनुदान, केंद्र-राज्याच्या योजनांचा निधी, नक्शा पास करण्याचं शुल्क, जलकर आणि कर्ज. कर्जाचं उदाहरण आपल्या नळातच आहे. नर्मदेचं पाणी 1978 पासून नदीकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आणलं जातं आणि पंपांच्या विजेचं बिल भयंकर असतं. ते कमी व्हावं म्हणून जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प ठरला. त्यासाठी निगमने फेब्रुवारी 2023 मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून 244 कोटी उभे केले, 8.25 टक्के व्याजाने. हे पैसे बजेटमध्ये जमेच्या बाजूला दिसतात, पण ते व्याजासकट फेडायचे आहेत आणि त्यातून कोणाच्या गल्लीचा रस्ता होत नाही. शिवाय बजेट म्हणजे अंदाज. मार्चमध्ये वाचलेला आकडा वर्षअखेर तेवढाच जमा झालेला असेल असं नाही. रागवायचंच तर या फरकावर रागवा. गेल्या वर्षी किती धरले होते आणि किती आले, हे आपल्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, विचारा.

आता ‘मनाला येईल तो कर’. इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

आपल्याकडे कर घराच्या बाजारभावावर लागत नाही, वार्षिक भाडेमूल्यावर लागतो. शहराचे दरांप्रमाणे झोन पाडलेले आहेत. झोन कोणता, बांधकाम पक्कं की कच्चं, वापर राहण्याचा की धंद्याचा, यावरून चौरस फुटाचा वार्षिक दर ठरतो. त्याला क्षेत्रफळाने गुणलं की भाडेमूल्य. त्यावर कर किमान 6 आणि कमाल 10 टक्के, ही हद्द 1956 च्या नगरपालिक निगम कायद्यात आहे. आणि घरात मालक स्वतः राहत असेल तर संपत्तिकर निम्मा. समजायला सोपे आकडे घेऊ: भाडेमूल्य 15,000 आणि कर 8 टक्के, तर 1,200 रुपये. स्वतः राहता, म्हणून 600.

हा हिशेबही निगमवाला करत नाही, आपण करतो. स्वनिर्धारणाचा फॉर्म मालकानेच भरायचा असतो. तपासणीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात. त्यापेक्षा जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट दंड. म्हणून एजंटाच्या हाती कोरा फॉर्म देऊ नका.

मावशींचं बिल घेऊन आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. त्यांनी लाल पेनाने फक्त शेवटच्या बेरजेला गोल केला होता. मी एकेक ओळ वाचली: संपत्तिकर, समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर. समेकित कर म्हणजे सफाई, दिवाबत्ती आणि अग्निशमन यांचा मिळून एक. निम्म्याची सवलत फक्त पहिल्या ओळीला असते, म्हणून बेरीज निम्मी दिसत नाही. आणि मग चूक सापडली. वरच्या मजल्यापुढे अजून ‘किराये पर’ लिहिलेलं. भाडेकरू जाऊन सहा वर्षं झाली, फॉर्म कोणी बदललाच नव्हता. सहा वर्षं त्या मजल्याचा पूर्ण कर त्या भरत होत्या.

भाव वाढला की कर वाढतो, यात थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. 2020 च्या नियमांनी भाडेमूल्याचे दर कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांशी, जोडले. भागाची गाइडलाइन चढली तर कर चढू शकतो. पण शेजारच्याने प्लॉट कितीला विकला त्यावरून तुमचं बिल ठरत नाही. दर निगमच्या निवडून आलेल्या परिषदेत ठरावाने मंजूर होतात, आणि लोक बोलले तर फरक पडतो. एप्रिल 2021 मध्ये, निवडून आलेली परिषद नसताना, पाणी आणि कचऱ्याचे दर वाढवले होते. विरोध झाला आणि ती वाढ थांबवावी लागली.

लोक अदालतीचा सल्ला मात्र सरळसरळ नुकसान करणारा आहे. तिथे माफ होतो तो अधिभार, म्हणजे उशिराचा आकार. संपत्तिकराची थकबाकी अधिभारासह पन्नास हजारांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, एक लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे पंचवीस टक्के. मूळ कराचा एक रुपयाही सुटत नाही. ज्याची थकबाकी आधीच साचली आहे त्याने तिथे जरूर जावं. पण ज्याच्यावर अधिभार चढलेलाच नाही त्याने तो चढू द्यायचा आणि मग माफ करून घ्यायला रांगेत उभं राहायचं, यात मिळवलं काय? वेळेवर भरणाऱ्याची सूटही जाते.

पावती हा मालकीचा पुरावा नाही. निगमच्या दफ्तरात नामांतर, म्हणजे मालक म्हणून नाव लागल्याने, मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. रजिस्ट्री, म्हणजे नोंदवलेलं खरेदीखत, सांभाळा.

काही जण म्हणतात, 2024 मध्ये ड्रेनेजच्या न झालेल्या कामांची बिलं निघाली, गुन्हे दाखल झाले, मग कर का भरायचा? तो संताप मलाही आहे. पण कर अडवल्याने खोटं बिल अडत नाही. वॉर्डात कोणतं काम, किती रकमेचं मंजूर झालंय ते मागून घेतलं आणि जागेवर जाऊन पाहिलं तर अडतं. पंच्याऐंशी वॉर्ड आहेत, प्रत्येकात चार माणसं निघाली तरी पुष्कळ.

सोमवारी मावशी आणि मी निगमच्या झोन ऑफिसला जाऊन आलो. जुनी पावती, रजिस्ट्रीची प्रत, विजेचं बिल आणि वरचा मजला स्वतःच्या वापरात असल्याचा अर्ज, एवढं लागलं. यंदाचा कर त्यांनी तिथेच भरला.