पेठेचा वरचा मजला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली, आणि उत्तर द्यायला चार दिवस घेतले, कारण त्यातला एक मुद्दा मला खरोखर लागला आहे. लहान शहरांतल्या जुन्या बाजारपेठा लोकांनी एकत्र येऊन पुन्हा उभ्या केल्या, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही म्हणता की पेठ मेली कारण गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, बाजाराने निकाल दिला. आता तिला रंग फासून, दिवे टांगून, उत्सव भरवून उभी करणं म्हणजे मढ्याला शृंगार. आणि चुकून ती जगलीच, तर भाडी वाढतात आणि पडत्या काळात ज्यांनी शटर उघडं ठेवलं तेच दुकानदार आधी बाहेर फेकले जातात. शेवटी तुम्ही लिहिलंय की पंचवीस वर्षं लहान व्यापाऱ्यांचे हिशेब बघताय, त्यामुळे भावनेपेक्षा वहीवर विश्वास ठेवता. मग वहीवरच बोलू.

‘बाजाराने निकाल दिला’ हे अर्धंच खरं आहे. लेखातली बहुतेक गावं अमेरिकेतली होती, म्हणून तिथलंच सांगते. १९५४ साली तिथला आयकर कायदा बदलला आणि नव्या व्यापारी इमारतीवर सुरुवातीच्या वर्षांतच भरघोस घसारा, म्हणजे इमारतीची झीज खर्च म्हणून, दाखवायची मुभा मिळाली. याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवं मार्केट बांधणाऱ्याला कागदावर तोटा दाखवून कर वाचवता येत होता, आणि भर पेठेतली जुनी इमारत सांभाळणाऱ्याला तितका लाभ नव्हता. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा आला, बांधणीचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. त्याच वर्षी मिनेसोटात ईडायना इथे साउथडेल उघडलं, चारही बाजूंनी बंदिस्त असं तिथलं पहिलं मोठं मॉल. गिऱ्हाईक गेलं हे कबूल. पण ते ज्या रस्त्यावरून गेलं तो सरकारी पैशाने बांधलेला होता, आणि ज्या दारात पोचलं त्या दाराला करसवलतीचा टेकू होता. याला मी नैसर्गिक मरण म्हणणार नाही.

कायद्याने बिघडलेलं कायद्याने काही अंशी सावरताही आलं. १९७६ साली तिथे वारसा इमारत पाडण्याचा खर्च करातून वजा करणं बंद झालं आणि दुरुस्तीला सवलत सुरू झाली. १९८६ पासून नोंदलेल्या, उत्पन्न देणाऱ्या वारसा इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के करसवलत मिळते. पेठांमधल्या कितीतरी इमारतींचा हिशेब या एका कलमामुळे जमला.

आता रंगरंगोटी. इथे तुमचा राग मला समजतो, कारण नुसत्या शृंगारावर पैसा घालवून हात पोळलेली गावं खूप आहेत. मिशिगनमधल्या कॅलामझू गावाने १९५९ साली पेठेचा रस्ता गाड्यांना बंद केला, झाडं लावली, बाकं ठेवली. देशातला असा पहिला प्रयोग. आराखडा व्हिक्टर ग्रुएनचा, साउथडेलचाही शिल्पकार तोच. त्याने सुचवलेल्या मोठ्या आराखड्यातला एक तुकडाच प्रत्यक्षात आला. तरी पुढे दोनशेच्या आसपास गावांनी तोच कित्ता गिरवला आणि बहुतेकांनी तो मोडूनही टाकला. खुद्द कॅलामझूने १९९८ साली रस्त्याचा काही भाग गाड्यांना पुन्हा खुला केला. बाकावर बसायला माणूस कुठून येणार, हा प्रश्न कुणी आधी विचारलाच नव्हता.

माझ्या लेखात कमी पडलं ते इथे. मी फोटो दिले दर्शनी भागांचे, आणि साहजिकच तुम्हाला वाटलं की सगळं काम दर्शनी भागांचंच आहे. खरं काम वरच्या मजल्यावर असतं.

एक साधी तीन मजली विटांची इमारत डोळ्यांसमोर आणा. खाली एक गाळा, तो भाड्याने गेलेला. वरचे दोन मजले पूर्वी राहत्या घरांचे, दवाखान्यांचे, वकिलांच्या कचेऱ्यांचे. आता रिकामे, सामान कोंबलेले. मालकाला भाडं येतं एका मजल्याचं, पण छप्पर, विमा, मालमत्ता कर तिन्ही मजल्यांचा. तो छपराची दुरुस्ती पुढे ढकलतो. पन्हळ तुंबते, पाणी तिसऱ्या मजल्यावर झिरपायला लागतं, आणि तिथे ते बघायला कुणीच राहत नाही. पाणी भिंतीत उतरतं, भिंतीत रोवलेली लाकडी तुळईची टोकं कुजायला लागतात. खालच्या दुकानदाराला छतावर पहिला पिवळा डाग दिसतो तेव्हा वर दहा वर्षांचं नुकसान झालेलं असतं. मग इंजिनिअर येतो, आकडा सांगतो, मालक म्हणतो पाडून टाकू. पुढे त्या जागी पार्किंग होतं. पेठेच्या रांगेतला एक दात गेला की शेजारची भिंत, जी कधीच पावसासाठी बांधलेली नव्हती, उघडी पडते, आणि हेच तिच्या नशिबी येतं.

म्हणून मी म्हणते, वर माणूस राहायला आला की पेठ वाचते. भाडं येतं, छपरावर लक्ष राहतं, संध्याकाळी खिडकीत दिवा दिसतो, आणि खालच्या दुकानाला रोजचं गिऱ्हाईक मिळतं ज्याला पार्किंग लागत नाही.

याला आडवं काय येतं? पुष्कळदा बांधकामाचे नियम. ते नव्या इमारतींसाठी लिहिलेले असतात. जुन्या इमारतीत दोन खोल्या राहत्या करायच्या म्हटलं की नियम म्हणतो जिन्याची रुंदी अमुक, पायरीची उंची तमुक, सगळं नव्यासारखं करा. खर्च परवडत नाही, मजला कुलपातच राहतो. न्यू जर्सी राज्याने १९९८ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळी नियमावली आणली. आगीपासून सुरक्षितता सोडायची नाही, पण जितकं काम करताय तितक्याच कामाला नियम लावायचा. तिथल्या जुन्या शहरांत दुरुस्तीची कामं लगेच वाढली. उत्सव नाही, उद्घाटन नाही, नियमांचं एक पुस्तक बदललं. याचा फोटो काढता येत नाही, पण लेखात यावर चार ओळी तरी लिहायला हव्या होत्या.

आणि दर्शनी भागाचंही पूर्ण सोडून देऊ नका. १९५०-६० च्या दशकांत मॉलसारखं आधुनिक दिसावं म्हणून असंख्य दुकानदारांनी विटांच्या भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून घेतले, थेट वरच्या मजल्याच्या खिडक्यांसकट. तो पत्रा उतरवणं तुम्हाला नटवणं वाटेल. पत्रा उतरला की वरच्या खोल्यांत उजेड येतो, आणि अंधाऱ्या खोलीला भाडेकरू मिळत नाही. मग पत्र्याच्या बोल्टांनी पडलेली भोकं बुजवायची, विटांच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, भरायच्या. इथे गवंडी चुकला तर सगळं मुसळ केरात. जुनी वीट मऊ असते, तिच्या दरजा चुन्याच्या असतात. भिंतीत शिरलेलं पाणी त्या दरजांतून बाहेर पडतं. तिथे कडक सिमेंट भरलं की पाण्याची वाट बंद होते, ते विटेतूनच बाहेर यायला बघतं, आणि थंडीत गोठून विटेचा दर्शनी पापुद्रा फोडून टाकतं. रंग काढायला वाळूचा मारा करणं तर त्याहून वाईट. विटेची भाजलेली टणक कातडीच निघून जाते. पेठ सावरायला नेमलेली चांगली समिती काय करते, तर मालकाला असं चुकीचं काम करण्यापासून अडवते आणि चुन्याचं काम येणारा गवंडी शोधून देते. नटवण्याशी याचा फार थोडा संबंध आहे.

वहीतला एक आकडा देते, तुम्हाला आवडेल. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथे हिशेब मांडला गेला होता : गावाबाहेरचं वॉलमार्ट जागेच्या प्रत्येक एकरामागे साधारण ६,५०० डॉलर मालमत्ता कर देत होतं, आणि पेठेतली दुरुस्त केलेली, खाली दुकानं आणि वर घरं असलेली एक जुनी इमारत एकरी ६,३४,००० डॉलर. इमारतीने जागा व्यापली होती एकराचा जेमतेम पाचवा भाग, म्हणून एकरी आकडा फुगलेला दिसतो हे खरं. पण नगरपालिकेला रस्ता, पाणी, गटार जागेच्या लांबीरुंदीनेच पुरवावं लागतं ना? मग मोजमाप तेच बरोबर. पेठेला जिवंत ठेवणं हा गावावर बोजा आहे, असं तुम्ही सुचवलंय. वही उलट सांगते.

मूठभर रिकामटेकड्या स्वयंसेवकांचा खेळ, असंही तुम्ही म्हटलंय. त्यावर थोडक्यात : १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाने मेरी मीन्स यांच्या पुढाकाराने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज ही तीन छोटी गावं निवडली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी प्रत्येक गावात एक पूर्णवेळ पगारी माणूस नेमला. त्यातूनच मेन स्ट्रीट कार्यक्रम उभा राहिला, आज तो हजाराहून अधिक ठिकाणी चालतो. स्वयंसेवक लागतातच, पण मालकाच्या मागे लागणं, बँकेत जाणं, रिकाम्या गाळ्याला भाडेकरू शोधणं हे रविवारी दुपारी होणारं काम नाही. जिथे तो एक पगार वाचवला गेला, तिथे सहसा फक्त उत्सव उरले. तिथे तुमची टीका शंभर टक्के लागू पडते.

आता मला लागलेला मुद्दा. पेठ सावरली की भाडी वाढतात आणि जुने दुकानदार जातात. हो, जातात. मी तो विषय लेखात टाळला, कारण त्याने गोष्टीचा सूर बिघडला असता. ते चुकलंच. गावाने फुकट श्रम करायचे, सरकारने सवलत द्यायची, आणि वाढलेली किंमत दूरच्या मालकाच्या खात्यात जमा व्हायची, हा अन्याय आहे आणि तो गोड शब्दांनी झाकू नये.

यावर मला एकच उपाय ठोस वाटतो : मालकी. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस गावात हाय स्ट्रीटवरच्या कितीतरी इमारतींचे मालक लांबच्या गुंतवणूक कंपन्या. गाळा रिकामा राहिला तरी त्यांना घाई नव्हती, भाडं उतरवलं तर कागदावरची किंमत उतरते म्हणून उतरवायचंही नव्हतं. गावकऱ्यांनी मिडस्टीपल क्वार्टर नावाची सभासदांच्या मालकीची संस्था काढली आणि एकेक रिकामी इमारत गावाच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. सुरुवात झाली ती एका बंद पडलेल्या बेकरीच्या इमारतीपासून. खाली कामधंद्याच्या जागा, वर राहती घरं. भाडं किती ठेवायचं हे तिथे गाव ठरवतं. काम फार संथ आहे, आणि निधी गोळा करता करता माणसं थकतात. पण उद्या पेठेला भाव आला तर तो भाव तिथेच राहील.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं, सॅरनॅक लेक. तिथलं एम्स हे मोठं दुकान २००२ साली कंपनीच बुडाल्याने बंद पडलं आणि साधे पायमोजे-बनियन घ्यायलाही पन्नास मैलांवरच्या प्लॅट्सबर्गला जायची वेळ आली. गावकऱ्यांनी १०० डॉलरचा एक असे शेअर विकून ५ लाख डॉलर उभे केले. एका माणसाला १०,००० डॉलरच्या वर शेअर घ्यायला बंदी, म्हणजे कुणा एकाच्या मुठीत दुकान जाऊ नये. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पेठेत कपड्यांचं, घरगुती वस्तूंचं दुकान उघडलं. मला यातली मर्यादेची अट सगळ्यांत जास्त आवडते. ज्याने ती लिहिली त्याला पुढे काय होतं ते ठाऊक होतं.

प्रत्येक दुकानदाराला इमारत विकत घेता येणार नाही, हे मला कळतं. तिथे निदान भाडेकराराची मुदत हाती असते. समितीने दुरुस्तीसाठी अनुदान मिळवून द्यायचं तर मालकाकडून त्या बदल्यात जुन्या भाडेकरूला लांब मुदतीचा, ठरलेल्या वाढीचा करार लिहून घ्यायचा. अनुदान आधी आणि करार नंतर असं केलं तर करार कधीच होत नाही. अशी अट घालायला समितीला मालकांशी वाईटपणा घ्यावा लागतो, आणि समितीत मालकच बसलेले असले तर तो घेतला जात नाही. तुमचा राग मुळात इथे असावा, असं मला वाटतं. असेल तर मी तुमच्या बाजूची आहे.

मूळ लेखात आज दुरुस्ती करतेय : भाड्यांवर एक भाग वाढवतेय आणि दर्शनी फोटोंपैकी निम्मे काढतेय. त्यासाठी एक विचारायचं होतं. इतक्या वर्षांच्या वह्यांतून तुम्हाला दिसलं असेल की लहान दुकानाच्या विक्रीत भाड्याचा वाटा किती झाला की दुकान तग धरत नाही, आणि कराराची मुदत किती वर्षांची असली तर दुकानदार दुकानात स्वतःचा पैसा घालायला धजतो. नावं नकोत, नुसते आकडे चालतील. लिहाल का?